बेबीताईंचं आचमन

अडुसष्टाव्या वर्षीही अख्खी गल्ली आमच्या सासूबाईंना बेबीताई म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. नर्मदेला मिळणाऱ्या नाल्याकाठी आमचा साड्या रंगवायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, चार कढया, एक अंगण आणि सासूबाईंचा आवाज. रंगवलेलं कापड बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानांत जायचं, उरलेलं पाणी नाल्यात. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

नर्मदा जयंतीला नदीला नेसवायची लांबलचक चुनरी मात्र त्या स्वतः रंगवायच्या. मग कढईतल्या लाल पाण्यावर हळदकुंकू वाहून तेही नाल्यात सोडायच्या. म्हणायच्या, “मैयाचा रंग मैयाला.” म्हणजे वर्षभराचं पाप आम्ही गुपचूप करायचो आणि त्या दिवशीचं वाजतगाजत!

एका वर्षी चुनरी नेसवून झाल्यावर नाला मिळतो त्याच घाटावर त्या आचमनाला वाकल्या. मोहन नावाड्याने त्यांचं मनगटच धरलं.

“अम्मा, यहाँ का मत लो. ऊपर चलो, वहाँ साफ है.”

ओंजळीतलं पाणी गुलाबी होतं. सासूबाई घरी येऊन जेवल्याच नाहीत.

“मैयाला उष्टं वाढून आपण ताजं खायचं काय वं, जया?” त्या मला म्हणाल्या. “मले त्याच घाटावर आचमन घ्यायचं आहे. मरायच्या आधी.”

दुसऱ्याच दिवशी अंगणात कुदळ पडली. माझा नवरा दिवाकर भडकला. “आई, काहून अंगण खोदून राहिली? साड्या काय माझ्या डोक्यावर वाळवू?”

“वाळव. रिकामंच आहे.”

हौद बांधले. एकात चुना आणि तुरटी टाकून रंगाचा गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी दुसऱ्यात घेऊन पुन्हा कढईत वापरायचं. पहिल्या खेपेला साड्यांवर असे डाग पडले की दिवाकर आठवडाभर आईशी बोलला नाही. हळूहळू हात बसला. पण नाला रंगीतच. काठावर आणखी रंगारी होतेच ना!

सासूबाई कुणाशी भांडल्या नाहीत. रोज एकेकाकडे जाऊन बसायच्या, गप्पा मारायच्या आणि पाणी पुढे आलं की पेला सरकवायच्या. “नाला साफ होईपर्यंत तुमच्या घरचं पाणी नाही घेणार, भैया.” चहाही नाही. दारी आलेली म्हातारी तहानलेली परत जाते, हे कुणाला झेपणार? मला तर त्यांच्या हट्टाचा राग यायचा. पण एकेकाच्या अंगणात हौद झाले. मग उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून घमेल्यांनी नाल्यातला काळा गाळ उपसला. कुरकुरत का होईना, दिवाकरही गुडघाभर चिखलात उतरला. मला फार बरं वाटलं.

पुढच्या जयंतीला घाटावर पाणी नितळ होतं. सासूबाई पायरीवर बसल्या, पण हात पुढे होईना.

“भीती वाटून राहिली वं,” त्या हळूच म्हणाल्या.

दिवाकर पाण्यात उतरला. आधी स्वतः घोट घेतला, जरा थांबला. मग ओंजळ भरून आईच्या तोंडाशी धरली. “घे.”

शेवटच्या घटकेला लेकाने तोंडात घालायचं ते पाणी त्या धडधाकट बसून, त्याच्या हातून प्यायल्या, आणि म्हणाल्या, “अजून दे.”