दुधीच्या वेलाखालचं टेबल

उल्हासनगरात एक पॉलिशवाला आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या लाकडाला पॉलिश करायचा. माझ्या वडिलांचं टेबल मी त्याच्याकडे दिलं होतं. मे महिन्यात आत दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं. अर्ध्या पत्र्यावर त्याने दुधीचा वेल चढवला होता, उरलेला अर्धा नुसता तापत होता. पॉलिशचा बोळा फिरवताना हनुवटीवर घाम जमला की तो झटकन मान मागे घ्यायचा, थेंब लाकडावर पडू नये म्हणून.

मला बघवेना. तो नको नको म्हणत असतानाही आमचा पाण्याचा कूलर मी तिथे नेऊन लावला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पांढुरकी साय धरलेली आणि कूलर बंद.

"हवा आधीच दमट, त्यात हा कूलर," तो म्हणाला. "पॉलिशला ओल चालत नाही, काका. तुम्ही माझं बघितलं, लाकडाचं राहून गेलं."

आवाजात राग नव्हता. स्पिरिटने सगळं पुसून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मला मात्र माझीच चीड आली.

"मग निदान वेलाखाली तरी उभे राहा की!" मी म्हणालो.

"तिथे तुमचं टेबल आहे ना," तो म्हणाला आणि तापल्या पत्र्याखालून वाकून बोळा फिरवत राहिला.