मोठी आई अन् बैठकीतला समोसा

मोठी आई गेली हे मले घरून नाही, शाळेच्या पालक-ग्रुपवरून कळलं. तिनंच मले त्यात घुसवलं होतं. भिलाईले ऑफिसात बसली होती, फोन वाजला... हेडसरचा मेसेज. जोडलेले हात, फुलं, अन् खाली एक ओळ, ‘बैठक अपने नियत दिन पर होगी.’ अजून बाबांचाही फोन आला नव्हता, अन् या शाळावाल्यायले समितीच्या बैठकीची घाई? तेव्हापासून जे खटकून राहिलं ते खटकूनच राहिलं. म्हणून लिहून टाकते.

मोठी आई म्हणजे माझ्या बाबांची वहिनी. मोठे बाबा रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर भिलाईजवळ चरोद्यातच घर बांधलं. आजूबाजूची लेकरं इंग्लिश स्कूलच्या बसमध्ये, अन् हिनं नात परीले घातलं समोरच्या सरकारी शाळेत. "कावून?" माझ्या आईनं विचारलं तर म्हणे, "इथं मले आत जाता येते. तुमच्या शाळेत गेटवरच थांबवतेत." अन् गेलीच आत! परीची पालक म्हणून थेट शाळेच्या समितीत जाऊन बसली.

त्या समितीची एक रीत होती. हेडसर विषय वाचायचे, समोसे यायचे, अन् प्लेट हातात आली की विषय मंजूर. ‘हो’ कोणी म्हणायचंच नाही, नुसतं खायचं. मोठी आई प्लेट खुर्चीखाली ठेवून द्यायची. "भाभी, पहले नाश्ता तो लो." "पहले बात, फिर नाश्ता."

मंग विषय आला की पोरं कमी झाले, ही शाळा बंद करून रेल्वेलाइनीपलीकडच्या शाळेत मिसळायची. अन् याच शाळेले नव्या खोलीचा पैसा मंजूर झालेला! मोठी आई भांडी घासता घासता माझ्याशीच भांडून राहिली होती, "शाळा बंद, तर खोली कोणासाठी? सांग ना! परी जाईन पूल चढून. बस्तीतल्या पोरी चार दिवस जातीन, मंग लहान भाऊ सांभाळत घरी बसतीन."

"तुले तर दूधवाल्यावरही डाउट असते!"

"दूध पातळ असते म्हणून असते!"

त्या विषयाची बैठक मी खिडकीतून पाहिली, तिले स्कूटीवर घ्यायले गेली होती. शुगर कमी होऊन तिले गरगरलं, तर बाजूच्या बाईनं घाईघाईत तिच्या तोंडात समोसा कोंबला. हेडसर लगेच उभे, "चलो, भाभी की भी सहमति हो गई." हिचं तोंड भरलेलं, दोन्ही हात हवेत! कसाबसा घास गिळला अन् म्हणाली, "गुरुजी, समोसा खाया है, स्कूल नहीं खाया." बाया खो खो हसल्या, दोघीतिघींनी प्लेटा खाली ठेवल्या. विषय पुढं ढकलला.

अन् पुढच्या बैठकीआधीच तिले हार्ट अटॅक आला... त्याच्यावर मले डाउट नाही. तेवढंच एक खरं होतं.

शाळेतल्या शोकसभेत हेडसर म्हणाले, "स्कूल मर्ज हो, ये भाभी की भी इच्छा थी." मेलेलं माणूस नाही म्हणत नाही, किती सोयीचं! मी उठलीच, "सर, किससे कहा था उन्होंने?" ते चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, ये समय नहीं है."

काल मोठ्या आईच्या खोलीत परीचा अभ्यास घेऊन राहिली होती. तिचा पलंग कूलरची हवा सोडून खिडकीशी कावून ओढलेला, हे तिथं बसल्यावर कळलं. शाळेचं मैदान पुरं दिसते. अन् मैदानात दोन माणसं टेप लावून मोजून राहिले होते! मी ओरडली, "भैया, क्या नाप रहे हो?"

"स्कूल की पुताई होनी है!"

रंगरंगोटी? मी अजून विचारच करून राहिली होती, तर मागून परीची आई आली. आमची वहिनी, जिचा आवाज मी कधी घराबाहेर गेलेला ऐकला नाही. "पुताई दीवार की होती है, भैया," ती मोठ्यानं म्हणाली, "फीता दीवार पे लगाओ."

वहिनी पलंगावर टेकली, जिथं गादी मोठ्या आईच्या बसण्यानं दबली आहे, बरोबर तिथंच. बाहेरून नजर न काढता मले म्हणाली, "बैठकीले मी जाते."