पत्रिकेचा प्रोग्रॅम

आमच्या घरातली भिक्षुकी आजोबांबरोबर संपली. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि ती वर्षं दुष्काळाची असल्यामुळं धरणात जेवढं पाणी तेवढंच खात्यात काम होतं. रिकामपणी त्यांनी लोकांच्या पत्रिका जुळवायला घेतल्या. हातानं नव्हे. छावणीत, म्हणजे कँटोन्मेंटात, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका भाईंनी त्यांना सीडीवरून एक प्रोग्रॅम घालून दिला होता. नावं आणि जन्मवेळा भरायच्या, बटण दाबायचं, की गुण समोर. आमच्या पडेगावात तेव्हा भराभर कॉलन्या उठत होत्या. नळाच्या आधी माणसं राहायला येत, टँकरपाशी ओळखी होत आणि त्यातून सोयरिकी निघत. बाबांकडं सतत कुणी ना कुणी बसलेलं असायचं. पैसे ते घेत नसत, मान मात्र पुरेपूर घेत.

माझं लग्न ठरायच्या वेळी नेमका जुना कॉम्प्युटर गेला. नवा आला तो अँटिव्हायरस पोटात घेऊनच. आम्ही मागितला नव्हता.

मुलगा करमाडचा, शेंद्र्याला कंपनीत होता. आम्ही दोनदा भेटलो होतो आणि मला तो आवडला होता, सरळच सांगते. त्याच्या घरचे पत्रिका मानत नव्हते. “तुम्हाला बघायची तर बघा, पण संध्याकाळपर्यंत कळवा,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घाई हॉलची होती. स्वतःची विहीर असलेला, आणि त्या विहिरीत पाणीही असलेला हॉल त्या वर्षी मिळत नव्हता. त्यांनी एक कसाबसा संध्याकाळपर्यंत धरून ठेवला होता.

जेवण उरकून बाबांनी सीडी घातली. प्रोग्रॅम बसला, आयकॉन आला. बाबांनी त्यावर क्लिक केलं आणि आयकॉन नाहीसा झाला. कोपऱ्यात इंग्रजीतून पाटी आली. मी वाचून दाखवली: गंभीर धोका आढळला, बंदोबस्त केला आहे.

“कुणाचा बंदोबस्त?” बाबांनी विचारलं.

“तुमच्या प्रोग्रॅमचा.”

बाबा भडकले. ह्या प्रोग्रॅमनं किती संसार उभे केले ते त्यांनी कॉम्प्युटरला उभ्यानं ऐकवलं. परत सीडी घातली. आयकॉन परत आला, परत गेला. मग त्यांनी इंटरनेटची वायर उपटली, बाहेरून कुणी चुगली करायला नको म्हणून. तरी तेच. मी मनातून अँटिव्हायरसच्या बाजूनं होते. पत्रिका बघितलीच गेली नाही तर दोष निघायचा कुठून?

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, पंचांग काढा की. मामंजी तर बोटांवर करायचे.”

“आपली त्यांनी बोटांवरच जुळवली होती,” बाबा म्हणाले. आतून भांडी जरा जोरात वाजली.

शेवटी छावणीला फोन लागला. भाई म्हणाले, “काका, नवीन मशीनमधे वॉचमन आतच बसवून येतो. तुमचा प्रोग्राम पुराना हाय, उसकू वळखत नाय तो. वॉचमनकू थोडी देर सुला दो आणि काम उरकून घ्या.”

“परत उठतो का?”

“अपने आप उठता. जास्त नाय झोपत.”

सगळं इंग्रजीत, म्हणून माऊस माझ्या हातात आला. मी एकेक ओळ वाचून तिचा अर्थ बाबांना समजावून सांगितला. इतकं मन लावून मी परीक्षेतही वाचलं नव्हतं. तरी ते झोपवायचं बटण सापडलंच. सीडी परत घालून प्रोग्रॅम उघडला, बाबांनी दोघांच्या जन्मवेळा भरल्या.

लाल अक्षरांत आलं: एकनाडी. गुण साडेचौदा. नवरा-बायकोची नाडी एक आली तर कुणाच्या तरी जिवावर बेततं, असं आमच्यात मानतात. ह्या एका शब्दावर बाबांनी कित्येक स्थळं न कचरता परत पाठवली होती. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बाबा स्क्रीनकडं बघत होते.

तेवढ्यात वॉचमन जागा झाला. पाटी आली आणि प्रोग्रॅम नाडीसकट गेला.

“काय म्हणतोय?” बाबांनी विचारलं.

“तेच. गंभीर धोका.”

बाबा म्हणाले, “दुपारपासून बिचारा हेच सांगतोय, आणि आपण त्यालाच झोपवत बसलो.”

“अहो, पण नाडी...” आई म्हणाली.

“नाडी कुणी सांगितली? ह्या प्रोग्रॅमनंच ना? त्याला हे मशीन दारात उभं करत नाही.” मग माझ्याकडं न बघता, “कायमचं काढून टाकायचं कुठं असतं गं?”

मी दाखवलं. क्लिक त्यांनी स्वतः केलं. करमाडहून फोन आला तेव्हा ते म्हणाले, “बघितली पत्रिका. हॉल सोडू नका.”

सीडी आईनं गॅलरीत कबुतरं हाकायला टांगली. बाबा आता हे काही मानत नाहीत, असं सगळे धरून चालले. मीही. पण आम्हा दोघांपैकी कुणाला साधी सर्दी झाली तरी बाबांचा सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी पुन्हा येतो. कशाला केला म्हणून विचारलं तर म्हणतात, सहज, तिकडं पाऊस आहे का ते विचारायला.