कमरेत दोनदा सैल झालेला स्कर्ट

आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना सगळे टेपबाई म्हणतात. गळ्यातली टेप उतरते ती फक्त आंघोळीला. "माझं माप चुकत नाही" हे त्या दिवसातून दहादा ऐकवतात, आणि वैताग असा की ते खरं असतं.

अडतिसाव्या वर्षी बाईंना साखर निघाली. एवढ्या वयात निघाली म्हणजे गोळ्यांनी आटोक्यात येणारी, टाइप टूच, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. दीड वर्ष गोळ्या गिळल्या, चालून चालून चपला झिजवल्या; साखर हटेना आणि बाईंची काडी झाली. सख्खी जाऊ म्हणायची, "चोरून गोड खात असशील." शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी रक्ताची वेगळी तपासणी केली. हा टाइप वन. शरीरच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठतं, त्यात तुमचा गुन्हा काही नाही, आणि तो लहान मुलांनाच होतो असंही नाही. इन्सुलिन सुरू झालं आणि बाई लवकरच पुन्हा भांडण्याइतक्या धडधाकट झाल्या.

यंदा शाळा सुरू झाल्यावर बेकरीवाली तिच्या नऊ वर्षांच्या मुलीचा नवा स्कर्ट घेऊन आली. कमरेत सैल. टेपबाईंचा चेहरा पडला. फुकट आत घेऊन दिला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मायलेकी परत हजर. मी तेव्हा दुकानातच होते.

"अहो, पुन्हा सैल. टेप बदला आता!" बेकरीवाली म्हणाली.

बाईंनी वहीतलं माप पाहिलं, मुलीला मापलं. पावणेदोन इंच कमी. तेवढ्यात मुलीनं बाईंचीच पाण्याची बाटली घटाघटा रिकामी केली.

"इतकी तहान?"

"वाढतं वय. पाणी ढोसते आणि गादी ओली करते, एवढी घोडी झाली तरी!"

"आई!" मुलगी कळवळली.

बाईंनी ड्रॉवरमधून आपलं साखरेचं यंत्र काढलं, नवी सुई लावली. "बोट दे गं. टाचणीपेक्षा कमी टोचतं."

आकडा आलाच नाही. नुसतं 'हाय' उमटलं, म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही इतकी जास्त.

"बिघडलं असेल," बेकरीवाली म्हणाली. "मी तिला केक कुठे खाऊ देते?"

"केकनं होत नाही हा आजार. दवाखान्यात चल."

"उद्या सकाळी नेते. ओव्हन पेटलाय, मोठी ऑर्डर आहे. तोवर तुमचंच इंजेक्शन द्या ना थोडं."

"माझा डोस तिला? माझा झगा घालशील का तिला? उद्या नाही, आत्ता! श्वास बघ कसा भराभर चाललाय. पिकल्या फळासारखा वास येतोय."

दुकान मी बंद केलं. त्या तिघी मोठ्या दवाखान्यात गेल्या. लगेच सलाइन, इन्सुलिन, आणि दोन दिवस अतिदक्षता विभाग. आणखी उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

मुलीला साध्या वॉर्डात आणल्यावर बेकरीवाली तिच्या खाटेजवळच्या बाकावर बसून रडली. "ओल्या गादीवरून मी मारलं हो तिला."

"आणि मी? पंधरा दिवसांपूर्वी माझाच रोग समोर उभा होता, आणि मी आपली अब्रू सांभाळत शिवण उसवत बसले," टेपबाई म्हणाल्या. "ऊठ आता. नर्स इंजेक्शन शिकवायला थांबलीये."

बेकरीवालीचा हात थरथरायला लागला.

"केकवर नाव लिहिताना थरथरतो का?" मुलीनं फटकारलं. "टोच!"

आईनं टोचलं.

"एवढंच?" मुलगी म्हणाली. "उद्याचं मी घेणार."