लाल दोऱ्याची पुडी

"झाड परवडलं, पण त्याचा माळी नको," असे शेजारी म्हणत. औषधनिर्माण महाविद्यालयाच्या मागे वनौषधींची बाग होती. तिच्या एका कोपऱ्यात आग्या वाढे. स्पर्श होताच अंगाची लाही करणारी ही वनस्पती माळीकाका अकरा वर्षे सांभाळत होते, आणि त्यांची जीभही त्याच वाणाची आहे यावर गल्लीत एकमत होते.

काका हातमोजे घालत नसत. देठाला खालून धरून वर सरकत पान घट्ट खुडायचे, ही त्यांची रीत. नव्या विद्यार्थ्यांना ते सांगत, "भीत भीत हात लावणाऱ्यालाच ती डसते. आणि डसली तर रडू नका. लोक हिची पानं उकळून खातात, हिच्या मुळांवर म्हाताऱ्यांच्या लघवीच्या तक्रारींसाठी संशोधन चाललंय. तुमच्यापेक्षा उपयोगी आहे ती."

त्या वर्षी महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या बाईंनी, आग्याच्या डंखाने सांध्याचे दुखणे उतरते का हे पाहायला, हाताच्या दुखऱ्या अंगठ्यांवर तिची परीक्षा घ्यायचे ठरवले. साठ माणसे निवडली. निम्म्यांना आग्याची ताजी पाने, निम्म्यांना तशीच दिसणारी पण अजिबात न चावणारी दुसरी पाने. काका त्या दुसऱ्या वनस्पतीला 'गरीब गाय' म्हणत. रोज सकाळी काकांनी पाने खुडून फाटकाशी पुड्या वाटायच्या, आग्याला लाल दोरा आणि गायीला पांढरा. पान अर्धा मिनिट अंगठ्यावर दाबायचे आणि काय वाटले ते कागदावर लिहायचे. बारा आठवडे पुरे होईपर्यंत ते कागद बाईंनीही उघडायचे नाहीत, असा नियम होता.

काकांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या, वाट्याला लाल दोरा आला. त्यांना बरणीचे झाकणही उघडत नसे. पहिल्याच दिवशी त्या फाटकाशी परत आल्या.

"अरे मेल्या, औषध दिलंस की विंचू?"

"अक्का, जरा सोसा."

"सोसते की! तुला वाढवलं, त्यापुढे हे काय!"

त्यांच्यामागे आणखी दोन म्हाताऱ्या अंगठ्यावर फुंकर घालत उभ्या होत्या.  दुसऱ्या दिवसापासून काकांच्या खोपटात सकाळी पाण्याचे पातेले चढू लागले. गरम पाण्यात बुडवून काढले की आग्याचा डंख जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दोन पुड्यांत फरक दिसू नये म्हणून गरीब गायीलाही तेच स्नान घडे. मग दोन्ही पाने फडक्यावर निथळत, त्यांना दोरे लागत आणि पुड्या वेळेवर फाटकाशी पोचत. कामात कसूर अशी नव्हतीच.

बारा आठवड्यांनी कागद उघडले. लाल आणि पांढऱ्यात तसूभर फरक नव्हता. बाई बागेत आल्या, वाफ्याच्या कडेला बसल्या.

"काका, आपल्या आग्यात काही दम नाही. पहिल्या दिवसानंतर कुणाला चुणचुणसुद्धा नाही. मी तसंच लिहून देते. सोमवारी वाफा खणून टाकू, तिथे दुसरं काहीतरी लावू."

काकांनी अकरा वर्षांच्या त्या हिरव्या दाटीकडे पाहिले. बोलावे तर बाईंचा विश्वास जाणार, कदाचित नोकरीही. न बोलावे तर चांगल्या झाडावर कायमचा खोटा शिक्का बसणार. त्यांनी खुरपे खाली ठेवले.

"झाडाला बोल लावू नका, बाई. पानं मी गरम पाण्यातून काढत होतो."

"सगळी?"

"सगळी. गायीची पण."

"गायीची कशाला?"

"अन्याय नको म्हणून."

बाईंचा चेहरा आधी लाल झाला. मग त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. हसून झाल्यावर मात्र त्यांनी घडले ते सगळे काकांकडून वहीत लिहून घेतले, खाली सही घेतली, आणि परीक्षा पहिल्यापासून पुन्हा करायची असे ठरवले. वाफा वाचला.

बातमी अक्कांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "म्हणजे बारा आठवडे मी शिजवलेली भाजी अंगठ्याला लावत होते? आणि वर कागदावर 'बरं वाटतंय' लिहीत होते, तुझी नोकरी टिकावी म्हणून!" असे म्हणून त्यांनी पुन्हा नाव नोंदवले.

नव्या फेरीच्या आदल्या दिवशी बाईंनी दोऱ्यांची रिळे काकांपुढे ठेवली. "काका, खरं सांगा. उद्या कुणी म्हातारी कळवळली, तर तुम्हाला पुन्हा दया येणार नाही ना?"

"येणारच. ती काय मला विचारून येते? उद्यापासून पानं तुम्ही खुडा आणि तुम्हीच वाटा. मी झाडाला पाणी घालतो."