एका पत्त्यावरची दोन माणसं

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे तिला चिठ्ठीबाई म्हणत. पूर्वी शब्द कागदी चिठ्ठ्यांवर लिहून येत, तेव्हापासूनचं हे नाव. चिठ्ठ्या गेल्या, बाई राहिली. आता ठिकठिकाणचे तीनशे बारा लोक तिला मेलवर शब्द धाडत. सुतार, सुईणी, निवृत्त मास्तर. प्रत्येकाच्या पत्त्याखाली तिने एकवीस वर्षांत दोन-दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. ‘अक्षर मोठं ठेवावं, डोळे अधू.’ ‘शब्द छापला नाही की रुसतात.’

त्या मंगळवारी एका बाईंचं उत्तर आलं. चिठ्ठीबाईने त्यांना रंगाऱ्यांचे शब्द विचारले होते. उत्तर एवढंच होतं : "हे जाऊन चार महिने झाले. सांत्वनाचं पत्र तुम्हीच पाठवलं होतंत. मग आज यांच्याच नावाने ‘तब्येत जपा’ कसं लिहिलंत?"

चिठ्ठीबाईने आपण पाठवलेलं पत्र उघडलं. वर नाव नवऱ्याचं. नवरा मागावरचे शब्द पाठवायचा, बायको रंगाचे. दोघांत मेलचा पत्ता एकच. कचेरीने महिन्यापूर्वी मेलचा नवा प्रोग्रॅम बसवला होता. एक पत्ता म्हणजे एक माणूस, असं ठरवून त्याने बायकोला नवऱ्यात जिरवून टाकलं होतं. सगळ्यांच्याच पत्त्यांखालच्या ओळी तर साफ गायब. पत्रावरचं नाव प्रोग्रॅमच भरायचा, आणि तिने न वाचता बटण दाबलं होतं. स्वतःचा राग आला तो वेगळाच.

ती तडक संगणकवाल्याच्या टेबलाशी गेली.

"अहो, माझी जितीजागती बाई कुठे गेली?"

"डुप्लिकेट नोंद होती मॅडम. सिस्टीमने आपोआप काढली."

"बायको डुप्लिकेट? घरी जाऊन म्हणून बघा एकदा!"

शेजारचा टंकलेखक खोकल्याच्या आडून हसला.

"आणि माझ्या ओळी?"

"त्याला रकाना नाहीये. वाढदिवस टाकता येईल."

"वाढदिवसाला काय केक पाठवू तीनशे बारा जणांना? बरं, घरच्या कॉम्प्युटरवर तरी चालतो का हा?"

"नाही. त्याची सिस्टीम वेगळी आहे ना."

म्हणजे घरी काम न्यायचं, पण माणसं इथेच कोंडायची! ती तणतणतच घरी आली.

शिकायला तिच्याकडे राहिलेली भाची म्हणाली, "मावशी, तू दिवसभर ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये, त्या साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये, कोश लिहितेस, त्याच्या आतच मेल घे की. तो इथेही चालतो, तिथेही."

रविवारी दोघींनी एडिटरच्या आत चालणारे मेलचे तीन प्रोग्रॅम लावून पाहिले. पहिल्यात अक्षर एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे. "हाडं मोडली याने शब्दांची," म्हणून तो बाद. दुसरा गुणी होता, पण पत्ते असे गाठ मारून ठेवायचा की त्याच्याशिवाय कुणाला उघडता येऊ नयेत. "पुन्हा किल्ली परक्याच्याच कनवटीला!" तोही बाद. तिसऱ्यात पत्र म्हणजे नुसता मजकूर, आणि पत्त्यांची वही म्हणजे साधी फाइल. एका माणसाला एक परिच्छेद, खाली हव्या तितक्या ओळी. पत्रावरचं नाव आपलं आपण टंकायचं.

"दिसायला अगदीच भुंडा आहे गं," भाची म्हणाली.

"मला काय त्याच्याशी लग्न लावायचंय?"

सोमवारी संगणकवाला म्हणाला, हे नियमात बसत नाही. चिठ्ठीबाईने वाद घातला नाही. त्या बाईंचं पत्र छापून तिने मुख्य संपादकांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला. "यांना हवा तो प्रोग्रॅम वापरू द्या," एवढंच बोलले.

जुनी पत्रं उघडून, आठवून आठवून गेलेल्या ओळी पुन्हा टंकायला महिना गेला. प्रत्येक ओळीला ती प्रोग्रॅमच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पण सगळ्यांत आधी तिने त्या बाईंची माफी मागितली. नाव स्वतः टंकलं, तीनदा तपासलं.

माफीच्या पत्रानंतर आठवड्याने त्यांच्याकडून रंगाचे अकरा शब्द आले. खाली लिहिलं होतं : "यांच्या वहीत मागाचेही सापडले. ते यांच्याच नावावर घालाल ना?"

चिठ्ठीबाईने फाइल उघडली. नवऱ्याचा परिच्छेद वेगळा केला : ‘हे गेले. शब्द अजून येतात.’ त्याखाली एक ओळ मोकळी सोडून बायकोचा : ‘हिला हिच्याच नावाने लिहावं.’