अगादीरची बस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुला सांगतोय. का, ते विचारू नकोस.

दोन हजार चौदा-पंधराचा सुमार. आम्ही हॅम्बर्गला राहायचो. मी विमानांच्या सीट्स डिझाइन करायचो, माझी बायको शर्वरी पीएचडी करत होती. मला एकच वेड होतं — मोरोक्कोच्या वाळवंटातून सायकलवर एकट्यानं जायचं. रजा मिळाली, तिकीट काढलं, आणि नेमकं तेव्हाच शर्वरीला दिवस गेल्याचं कळलं.

"जा तू," ती म्हणाली. "बाळ आल्यावर कुठे जायला मिळणार आहे?"

गेलो. तिथवर काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण —

तिकडे वाळू कमीच. दगड, माती, सरळ रस्ता, अधूनमधून एखादा ट्रक. दिवसदिवस तोंडातून शब्द निघत नाही, आणि तेच बरं वाटायला लागतं. एका गावात चहा पीत बसलो होतो, तेव्हा फोन वाजला.

शर्वरी रडत नव्हती. "बाळाचे ठोके लागत नाहीयेत," म्हणाली. "परवा अ‍ॅडमिट व्हायला सांगितलंय." मग जरा थांबून, "येऊ शकशील का रे?"

समोर अगादीरची बस उभी होती. अगादीरला विमानतळ आहे. टपावर सामान लावणारा माणूस माझ्या सायकलकडे बोट दाखवून खुणेनं विचारत होता — वर घेऊ?

मी हातानंच नाही म्हटलं. आणि फोनवर म्हणालो, "इथून काहीच मिळत नाही गं. आठवड्याला एक बस. ती कालच गेली."

"असू दे. शेजारच्या फ्राऊ क्लाइन येतील बरोबर. तू पाणी पीत जा नीट."

का बोललो असं? तिच्या दुःखाची भीती वाटली? की मला नुसता उरलेला रस्ता हवा होता? रस्त्याचंच खरं असावं. कारण दुसऱ्या दिवशी मी गाणी म्हणत सायकल चालवली. मोठ्यानं.

परतलो तेव्हा ती विमानतळावर आली होती. चेहरा पांढराफटक. माझ्या सोलवटलेल्या नाकाला बोट लावून म्हणाली, "किती हाल झाले रे तुझे! एकट्यानं सोसलंस सगळं." मी रडलो. तिला वाटलं, बाळासाठी. तिनंच माझी समजूत घातली.

पुढे सासूबाई तिला फोनवर म्हणाल्या, अशा वेळी नवरा नको का जवळ? "अगं आई, तिथून बसच नव्हती," ती म्हणाली. "त्याचा काय दोष?" मी शेजारी भांडी पुसत होतो. पुसत राहिलो.

आम्हाला मूल झालं नाही. ती त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. एकदाच म्हणाली — भूल द्यायच्या आधी नर्सनं विचारलं होतं, कुणाला फोन लावून देऊ का? हिनं नको सांगितलं. म्हणाली, "तुला तिथे रेंज नसणार, माहीत होतं मला."

रेंज होती. ती पुन्हा 'ये' म्हणेल, म्हणून मी फोन बंद करून ठेवला होता.